डोमेनचा सौदा: भाव कुठपर्यंत आणि खंडणी कुठून

ज्या गावाजवळ हरिपूरच्या पेवांत जमिनीखाली हळद पडून असायची आणि इकडे बाजारात तिचे वायदे चालायचे, त्या गावाला डोळ्यांना न दिसणाऱ्या मालाचा सौदा शिकवावा लागत नाही. आमच्या आण्णांची सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची अडत होती. मी वेबसाइटच्या नावांची, म्हणजे डोमेनची, खरेदी-विक्री करते हे त्यांना पहिल्यांदा सांगितलं तेव्हा त्यांनी शांतपणे विचारलं, "माल खराब होतो का? साठवायला वर्षाला काय पडतं? आणि घेणार कोण?" नवीन नाव घेताना आजही मी स्वतःला हेच विचारते.

माल खराब होत नाही, पण तो कायमचा आपला होतो असंही नाही. नाव नोंदणी करणाऱ्या कंपनीकडून वर्षाच्या बोलीवर मिळतं, एका दमात जास्तीत जास्त दहा वर्षांसाठी. पैसे भरत राहिलात तर ते तुमचं, भरायचे राहिले तर सुटलं. डॉट कॉम असो वा डॉट इन, खर्च साधारण हजार रुपयांच्या आगेमागे, कंपनीगणिक कमी-जास्त. एका नावाला हे काहीच नाही. शे-दीडशे नावं धरून बसलं की मात्र लाख-दीड लाख नुसते रिन्यूअलला जातात, आणि एकही नाव विकलं नाही तरी जातात.

घेणाऱ्याच्या बाबतीत नवशिक्यांचा हिशेब हमखास चुकतो. हळदीला यार्डात दहा खरेदीदार उभे असतात, एकानं हात आखडला तर दुसरा बोली लावतो. चांगल्या नावालासुद्धा खरी गरज असलेलं गिऱ्हाईक बहुतेकदा एकच असतं, आणि ते या महिन्यात येईल की दहा वर्षांनी, हे कुणी सांगू शकत नाही. या धंद्यातले जुने लोक म्हणतात, वर्षाला शंभरातली एक-दोन नावं गेली तरी ठीक चाललंय समजायचं. म्हणजे जे विकलं जाईल त्यानं उरलेल्या अठ्ठ्याण्णवांचं भाडं काढायला हवं. हा हिशेब पटला नाही तर या धंद्यात पडू नये, असं मी विचारायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगते. येणारे पुष्कळ असतात, कारण त्यांनी मोठ्या रकमांच्या बातम्या वाचलेल्या असतात.

त्या बातम्या खऱ्या आहेत. सुरुवातीला नावं फुकट मिळायची. पहिलं डॉट कॉम सिम्बॉलिक्स या अमेरिकन कॉम्प्युटर कंपनीनं १५ मार्च १९८५ ला घेतलं. १९९५ मध्ये दोन वर्षांचे १०० डॉलर असा दर लागला आणि मग लोकांना कळलं की ही गोष्ट पैशाची आहे. बिझनेस डॉट कॉम १९९७ मध्ये दीड लाख डॉलरला गेलं तेव्हा घेणाऱ्याला लोकांनी वेड्यात काढलं असणार. दोनच वर्षांनी ते ७५ लाख डॉलरला विकलं गेलं. मायक्रोस्ट्रॅटेजी या कंपनीनं फार आधीपासून सांभाळलेलं व्हॉइस डॉट कॉम २०१९ मध्ये तीन कोटी डॉलरला विकलं. आपल्या रुपयांत तेव्हाचे दोनशे कोटींच्या वर. चॅट डॉट कॉम तर एका जाणकारानं २०२३ मध्ये दीड कोटी डॉलरहून जास्त मोजून घेतलं आणि पुढच्या वर्षी ते ओपनएआयकडे गेलं.

पण ही सगळी नावं बघा. व्हॉइस, बिझनेस, चॅट. इंग्रजीतले रोजच्या बोलण्यातले शब्द, कुणा एकाच्या मालकीचे नसलेले. सांगलीत बसून हजार रुपयांत असा शब्द आता मिळणार नाही, डॉट कॉमच पंधरा कोटींच्या वर घेतली गेली आहेत. आपल्याला संधी होती ती डॉट इनमध्ये. २००५ च्या सुरुवातीला ते सगळ्यांसाठी खुलं झालं. त्याच वर्षी कृष्णेचा महापूर आला आणि हरिपूरच्या पेवांचं होत्याचं नव्हतं झालं. आमच्या घरात त्या वर्षी पाण्याशिवाय दुसरा विषय नव्हता, डॉट इन कुणाच्या गावीही नव्हतं. आज डॉट इन नावं तीस लाखांच्या वर आहेत, तरी शेतमाल, गावं, कारागिरी, औषधी वनस्पती यांत मराठी माणसाच्या कामाची नावं अजून निघतात. माझा सगळा धंदा त्यातच आहे.

एक सौदा जरा सविस्तर सांगते. नाव इथे लिहीत नाही, ते आता माझं नाही.

तासगावचे एक बेदाण्याचे व्यापारी. नावाच्या पानावर मी "हे नाव विक्रीला आहे" अशी पाटी आणि नंबर ठेवते, तो बघून त्यांचा फोन आला. "ताई, ते नाव तुमच्याकडं हाय म्हणं. किती घेणार?" मी म्हटलं, फोनवर नको, या, बसून बोलू. ते आणि पुण्यात शिकणारा त्यांचा मुलगा विश्रामबागला घरी आले. चहा झाला. मी एक लाख साठ हजार सांगितले.

"अवो, हजार रुपयाला घेतलेलं नाव!"

असं कुणी म्हटलं की मी वाद घालत नाही. लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला आणि म्हटलं, हजाराची नावं अजून भरपूर शिल्लक आहेत, आत्ता तुमच्या देखत घेऊन देते, मला एक रुपया नको. मुलानं टाइप करायला सुरुवात केली. मूळ शब्दाच्या पुढे ट्रेडर्स, मध्ये एक आडवी रेघ, मागे श्री, पुढे ऑनलाइन. सगळी मोकळी होती. मग मी त्यांना म्हटलं, यातलं तुम्हाला आवडेल ते तुमच्या दिवाणजींना फोन करून सांगा आणि लिहून घ्यायला सांगा. त्यांनी स्पीकर लावला. दिवाणजींनी आडवी रेघ गाळली, 'ट्रेडर्स'च्या शेवटचा एस विसरले, आणि "मालक, परत एकदा सांगा" असं दोनदा म्हणाले. मग माझ्याकडचं विक्रीचं नाव सांगितलं. पहिल्या फटक्यात बरोबर लिहून त्यांनी ते वाचूनही दाखवलं.

व्यापारी हसले नाहीत, विचारात पडले. त्यांची अडचण मला तेव्हा कळली. त्यांचा जुना ईमेल अशाच रेघेच्या नावावर होता आणि आखातातल्या एका खरेदीदाराचं पत्र रेघ राहिल्यामुळे भलतीकडे जात होतं. कंटेनर लागायच्या वेळी कागद पोचत नव्हते. ज्याला हे रोज सोसावं लागतं, त्याच्यासाठी नावाची किंमत हजार नसतेच. मुलानं आधीची विकलेली नावं बघायची साइट उघडली, तशाच लांबीची, तशाच शब्दांची डॉट इन नावं काय भावानं गेली ते आम्ही तिघांनी मिळून पाहिलं. एक लाख पंधरा हजारांवर जमलं. दहा हजार इसार त्यांनी तिथेच यूपीआयनं टाकला, उरलेले दुसऱ्या दिवशी आरटीजीएसनं.

पैसे आल्यावर नाव द्यायला मिनिटं लागली, कारण त्यांच्या मुलाचं खातं मी ज्या कंपनीकडे नावं ठेवते त्याच कंपनीत उघडलं होतं. एकाच कंपनीतल्या एका खात्यातून दुसऱ्यात नाव ढकलायचं, याला पुश म्हणतात. दुसऱ्या कंपनीकडे न्यायचं असेल तर कुलूप काढावं लागतं, ऑथ कोड द्यावा लागतो आणि पाच-सहा दिवस जातात. डॉट कॉम नुकतंच घेतलेलं किंवा नुकतंच हलवलेलं असेल तर सहसा साठ दिवस दुसरीकडे नेताही येत नाही. ऑथ कोड म्हणजे तिजोरीची किल्ली, ती पैसे हातात आल्याशिवाय द्यायची नाही. घेणारा अनोळखी असेल, परदेशातला असेल, तर एस्क्रो. तो पैसे मधल्या संस्थेकडे भरतो, आपण नाव देतो, नाव पोचल्याचं तो कळवतो, मग आपले पैसे सुटतात. एस्क्रो डॉट कॉम १९९९ पासून हेच काम करतं. दलाली जाते, पण रात्री झोप लागते.

इथपर्यंतचा व्यवहार मला स्वच्छ वाटतो. शब्द सगळ्यांचा होता, मी आधी ओळखला, वर्षानुवर्षं भाडं भरलं, आणि ज्याला गरज होती त्याला दोघांना पटेल त्या भावानं दिला.

पण साताऱ्याहून एक मुलगा आला होता, त्याचं काम वेगळं होतं. हुशार, इंजिनिअरिंगचा. त्यानं साताऱ्यातल्या जुन्या कंदी पेढेवाल्यांची यादी केली होती, पिढ्यान् पिढ्या चाललेली दुकानं, आणि कुणाकुणाचं डॉट कॉम मोकळं आहे ते शोधलं होतं. "ताई, आपण दोघं मिळून घेऊन ठेवू. उद्या ते ऑनलाइन आले की आपल्याकडेच येणार." मी त्याला नाही म्हटलं, आणि का नाही ते बसवून सांगितलं, कारण हे पुष्कळांना प्रामाणिकपणे कळत नाही.

त्या दुकानाचं नाव त्या माणसाच्या आजोबांनी खव्याच्या कढईसमोर उभं राहून कमावलंय. ते अडवून पैसे मागणं याला मी धंदा म्हणत नाही, ती खंडणी आहे. कायदाही तसंच बघतो. सत्यम इन्फोवे विरुद्ध सिफीनेट या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं २००४ मध्येच सांगून ठेवलंय की डोमेन नावाला व्यापारचिन्हासारखंच संरक्षण आहे, दुसऱ्याच्या नावलौकिकावर आपला माल खपवता येणार नाही. डॉट कॉमसाठी १९९९ पासून यूडीआरपी नावाची तक्रारीची पद्धत आहे. तिथे तक्रारदाराला दाखवावं लागतं की नाव त्याच्या चिन्हासारखं आहे, समोरच्याचा त्यावर रास्त हक्क नाही, आणि ते वाईट हेतूनं घेतलंय तसंच वापरलंय. डॉट इनची आयएनडीआरपी याहून कडक आहे. तिथे वाईट हेतूनं घेतलेलं किंवा वापरलेलं, दोहोंपैकी एक सिद्ध झालं तरी पुरतं. लवाद नाव काढून सरळ तक्रारदाराला देतो आणि तुम्हाला एक पैसा मिळत नाही.

२०२४ ची जिओहॉटस्टारची गोष्ट त्यानं ऐकलेली होती. दिल्लीच्या एका तरुणानं दोन कंपन्या एक होतील असा अंदाज बांधून जोडनाव आधीच घेऊन ठेवलं आणि केंब्रिजच्या शिक्षणाची फी मागितली. कंपनीनं दिली नाही. पुढे ते नाव दुबईतल्या दोन भावंडांकडे गेलं. त्या तरुणाची शिकायची तळमळ मला समजते, अंदाजही अचूक होता. पण दोन्ही अर्धी नावं दुसऱ्यांची होती, त्याचं त्यात काहीच नव्हतं.

त्या साताऱ्याच्या मुलाला मी म्हटलं, दुकानाचं नाव दुकानदाराचं, पण कंदी पेढा सगळ्यांचा आहे. ट्रेकिंग, रानफुलं, होमस्टे, यातलं काही बघ. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीचं मात्र जपून, तिला २०१० पासून भौगोलिक मानांकन आहे, म्हणजे ते नाव त्या भागातल्याच मालाचं. आमच्याकडे सांगलीच्या बेदाण्याला आणि हळदीला तसं मानांकन आहे. त्या शब्दांची दोन-तीन नावं माझ्याकडे आहेत, ती मी इथल्या शेतकरी गटाला किंवा इथल्या व्यापाऱ्यालाच देईन. बाहेरून चांगला भाव येऊनही मी ती दिलेली नाहीत. दुसऱ्या मुलखातली हळद सांगलीच्या नावावर विकायला मी हात लावणार नाही.

आता ज्याच्यासाठी मी हे मुख्यतः लिहायला बसले, ते. आपल्याकडच्या छोट्या धंदेवाल्यांची नावं त्यांच्या स्वतःच्या हातात नाहीत. वेबसाइट करून देणाऱ्या मुलानं आपल्याच ईमेलवर नाव घेतलेलं असतं. वाईट हेतू नसतो, तेव्हा सोपं पडलं म्हणून.

मिरजेला सतारमेकर गल्लीत तंबोरे करणारे एक चाचा आहेत. मी गेले तेव्हा पंढरपूरकडून आलेले भोपळे माळ्यावर टांगलेले होते, खाली एका तंबोऱ्यावर त्यांचा मुलगा जवारी काढत होता, आणि चाचा फोन उलटासुलटा करत बसले होते. "ताई, एवढे दिवस झाले, एक पण मेल नाही. बाहेरचं गिऱ्हाईक असं गप बसत नसतंय." मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाल्यापासून त्यांच्याकडे परदेशातली विचारणा वाढली होती, आणि नेमकं तेव्हाच. साइट उघडून बघितली तर उघडतच नव्हती. मी नोंद काढून बघितली, नावाची मुदत संपून बरेच दिवस झाले होते. रिन्यूअलच्या सूचना ज्या ईमेलवर जात होत्या, तो साइट करणाऱ्या मुलाचा जुना ईमेल, आणि तो मुलगा केव्हाच पुण्याला नोकरीला गेलेला.

डॉट कॉमची मुदत संपली की ते त्याच दिवशी जात नाही. कंपनी बहुधा महिना-दीड महिना जुन्याच दरानं भरू देते. मात्र या काळातच पुष्कळ कंपन्या नाव लिलावाला लावतात, हे लक्षात ठेवा. त्यानंतर तीस दिवसांची सोडवणूक असते, तेव्हा दंडासह नेहमीच्या कितीतरी पट पैसे मोजावे लागतात. मग पाच दिवस नाव कुणालाच हलवता येत नाही, आणि सहाव्या दिवशी ते जगाला मोकळं होतं. अशी मोकळी होणारी नावं उचलायला यंत्रं टपून बसलेली असतात, माणसाच्या बोटाला तिथे संधी नाही. मुरलेल्या जुन्या नावावर जुगाराची साइट चढवणं हा त्यांतल्या काहींचा धंदा आहे. चाचांचं नाव सोडवणुकीच्या तिसात होतं. गल्लीतल्या एका पोराकडून त्या मुलाचा नंबर मिळाला. तो भला निघाला. संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर त्यानं जुना ईमेल सुरू करून घेतला, दंड चाचांनी भरला, आणि नाव परत आल्यावर आम्ही ते चाचांच्या मुलाच्या नावानं नवीन खातं काढून तिथे नेलं. अडकलेली पत्रं परत आली नाहीत, ती कुणी पाठवली होती हे कधीच कळणार नाही. एका तंबोऱ्यामागे किती दिवसांचं काम असतं हे मिरजेत राहणाऱ्याला सांगायला नको, म्हणून मला याचा फार त्रास होतो.

बँकांचं अजून एक. रिझर्व्ह बँकेनं २०२५ मध्ये सगळ्या बँकांना ३१ ऑक्टोबरपर्यंत बँक डॉट इन या शेपटीवर यायला सांगितलं. निर्णय उत्तम, कारण ती शेपटी बँकेशिवाय कुणालाच मिळत नाही. पण एका सहकारी बँकेतले ओळखीचे अधिकारी मला म्हणाले, "आता जुनं डॉट कॉम सोडून देतो, उगाच दोन-दोन भाडी कशाला?" मी अक्षरशः हात जोडले. ठेवीदारांच्या पासबुकावर, जुन्या पावत्यांवर, लोकांच्या फोनमध्ये ते जुनं नाव आहे. ते सुटलं की उचलणारा माणूस तिथे हुबेहूब पान उभं करेल आणि आपल्या आई-वडिलांच्या वयाची माणसं त्यात पासवर्ड टाकतील. वर्षाचे हजार रुपये वाचवून हा धोका घ्यायचा नसतो. त्यांनी पुढच्या दहा वर्षांचे पैसे भरून टाकले, त्याचं मला समाधान आहे.

डॉट भारतबद्दल विचारतात. देवनागरीतलं डॉट भारत २७ ऑगस्ट २०१४ ला सुरू झालं, माझ्याकडेही थोडी नावं आहेत, आणि मराठीत पत्ता लिहिता यावा असं मला मनापासून वाटतं. पण विक्री म्हणाल तर अजून नाही. त्यावरचा ईमेल सगळीकडे नीट पोचत नाही आणि लोक फोनवर रोमनमध्येच टाइप करतात. ती मी भाव येईल म्हणून ठेवलेली नाहीत. डॉट एआयच्या मागे सध्या सगळी पोरं आहेत, ती शेपटी खरं तर कॅरिबियन समुद्रातल्या अँग्विला या छोट्या बेटाची, आणि एकदम दोन वर्षांचे पैसे भरावे लागतात. ज्याला तिथे गिऱ्हाईक दिसतंय त्यानं जावं. मला दिसत नाही, म्हणून मी जात नाही.

तुमच्या धंद्याचं नाव कुणाच्या खात्यावर आहे हे माहीत नसेल, तर आजच बघा. हूइज, म्हणजे नावांच्या नोंदी बघायचा शोध, त्यात नाव टाकलं की मालकाचा पत्ता हल्ली बहुतेक झाकलेला असतो, पण नाव कोणत्या कंपनीकडे आहे आणि मुदत कधी संपते हे दिसतं. मग ज्यानं साइट केली त्याच्याकडे लॉगिन मागा. देत असेल तर नोंदणीचा ईमेल आणि फोन स्वतःचा टाका, आपोआप रिन्यूअल सुरू करा, आणि ज्या कार्डावरून पैसे जाणार त्याची मुदत बघून ठेवा. देत नसेल तर जुनं बिल आणि पैसे दिल्याची पावती शोधून ठेवा, तीच पुढे कामी येते. सांगली-मिरजेत कुणाला यात अडलं तर शनिवारी दुपारी मी घरीच असते, कागद घेऊन या. नावाच्या सौद्याचे मी पैसे घेते, याचे घेत नाही.